दगड धुण्याचं काम

आमच्या घरात सकाळच्या चहाआधी तीन कामं व्हायची. भरतीची वेळ बघणं, दाराच्या चाकाला ग्रीस लावणं आणि दगड धुणं. पहिली दोन बाबांच्या नोकरीची. तिसरं कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी शाबासकीही दिली नसती, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. बाबा खराट्याने घासायचे, मी बादली धरायचे. आता पन्नाशी जवळ आली, तरी बादलीची कडी हातात घेतली की मला तो दगड आठवतो, आणि आठवला की दिवस खराब जातो.

बाबा खाडीच्या बांधावरचं दार सांभाळायचे. दार म्हणजे पुरुषभर उंचीचा जाड लोखंडी पत्रा आणि वर दोन हातांनी फिरवायचं चाक. ओहोटी लागली की दार वर घ्यायचं, म्हणजे शेतात साठलेलं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायला लागली की खाली सोडायचं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली, आणि ही वेळ रोज पाऊण तास पुढे सरकणारी. त्यामुळे आमचं जेवण, झोप, भांडण, सगळं पाण्याच्या तालावर. आई म्हणायची, माझं लग्न माणसाशी नाही, चंद्राशी लावलंय, रोज कालच्यापेक्षा उशिरा घरी येतो.

लोक बाबांना दारवाले म्हणायचे आणि मला शेपूट. बाबा जिथे तिथे मी, म्हणून. बांधाच्या एका बाजूला हिरवी शेतं, दुसऱ्या बाजूला चिखल, खेकडे, बगळे आणि भरतीला पार कमरेपर्यंत बुडणारी झाडं. खेळायला दुसरी मुलं जवळपास नव्हती, पण मला कधी एकटं वाटलं नाही. खंड्या कुठल्या बिळात शिरतो, शंखातला गोगलगाईसारखा किडा भरती चढली की झाडावर किती वर सरकतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पाढे अजून नीट येत नाहीत.

आणि पाणमांजरं. दार वर गेलं की पाण्याच्या लोंढ्याबरोबर मासे बाहेर ओढले जायचे, आणि त्यांच्यासाठी ती यायची. पाच-सहा जणांचं कुटुंब. चपटी डोकी, ओल्या मिशा, जाड शेपट्या, आणि एकमेकांना हाक मारायला बारीक फुटक्या शिट्टीचा आवाज. मासा पुढच्या दोन्ही पंजांत धरून डोक्याकडून खायची, लहान मूल बिस्कीट खातं तशी. दारापासून थोड्या अंतरावर एक वाकलेलं झाड होतं. त्याच्या मुळांखाली बांधाच्या मातीत त्यांचं बीळ होतं.

दार खाली सोडण्याआधी बाबा पान्याने चाकाच्या दांड्यावर तीन ठोके द्यायचे आणि मग पन्नासपर्यंत मोजायचे. दाराखाली कुणी असेल तर बाहेर पडावं म्हणून. असा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. पहिले काही महिने मंडळी घाबरून पळाली म्हणे, नंतर त्यांना कळलं. ठोके पडले की म्हातारी मादी आधी निघायची, बाकीची मागोमाग. एखादं पिल्लू अर्ध्या माशासाठी रेंगाळायचं. त्याच्यासाठी बाबा सत्तरपर्यंत मोजायचे.

मी दहा वर्षांची असताना शाळेत निबंध आला, माझा आवडता प्राणी. वर्गात सतरा जणांनी कुत्रा लिहिला. मी पाणमांजर लिहिलं. ज्याला जे ठाऊक ते तो लिहितो, मी सगळं लिहिलं. दारापासून डाव्या हाताला चाळीस पावलं, वाकलेलं झाड, मुळांखाली बीळ, तोंड पाण्याकडे. खाली चित्र काढलं आणि चित्रात बाण. शिक्षकांना निबंध इतका आवडला की त्यांनी तो शाळेच्या दारापाशी भिंतीवर लावला. आठवडाभर मी जमिनीवर चालत नव्हते.

शेतांच्या पलीकडे एकाची मत्स्यतळी होती. आम्ही त्याला तळेवाला म्हणायचो. पाणमांजरं त्याच्या तळ्यात शिरायची, हे खरंच होतं, आणि जितकं खायची त्याहून जास्त नासायची, हेही खरं होतं. तो पुतणीला न्यायला शाळेत आला. हात मागे बांधून त्याने माझा निबंध सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्षर छान आहे हो तुझं."

पाचव्या दिवशी म्हातारी मादी लोखंडी सापळ्यात सापडली. पुढचा पंजा अडकलेला, आणि वरून भरती आलेली. बाबांनी तिला सोडवून बांधाखाली पुरलं. तळेवाल्याशी ते भांडले नाहीत. शाळेत गेले, शिक्षकांची परवानगी घेतली, भिंतीवरचा कागद काढून चार घड्या घालून खिशात ठेवला आणि मला घेऊन घरी निघाले. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. पण पाहिलेलं सगळं सांगायचं नसतं."

त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मार विसरता येतो. मी मात्र त्या दिवशी कानाला खडा लावला तो कायमचा.

दगड धुणं तेव्हापासून सुरू झालं. पाणमांजरं विष्ठेला ठरलेल्या जागीच बसतात. आमच्या दाराखाली एक चपटा दगड होता, तो त्यांचा. त्यावर माशांचे खवले, खेकड्यांच्या नांग्यांचे तुकडे आणि एक उग्र वास. ज्याला कळतं त्याच्यासाठी ती घराबाहेरची पाटीच. म्हणून बाबा रोज पहाटे दगड घासून धुवायचे आणि मी ओलं पोतं चिखलावरून ओढत पंजांचे ठसे पुसायचे. घरात त्यांचं नावही काढायचं नाही, मंडळी म्हणायचं. आणि कुणी विचारलंच, तर तिघांचं उत्तर एक: "पूर्वी होती म्हणतात. आता कुठली."

आई हे सगळ्यात झकास म्हणायची. कातड्यांचा एक व्यापारी एकदा चौकशी करत दारात आला. आईने त्याला पाणी दिलं, तास-दीड तास गप्पा मारल्या, आणि शेवटी म्हणाली, पाणमांजर काही नाही बाबा, पण साधं मांजर आहे, दुधाचं पातेलं उघडायला शिकलंय, नेतोस का. तो परत आला नाही.

दोन वर्षं मंडळी दिसली नाहीत. मग परत आली. पंचवीस वर्षं आम्ही खुणा पुसल्या आणि पंचवीस वर्षांत त्या काठावर एकही सापळा लागला नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण यापुढे छाती पुढे काढण्यासारखं फारसं नाही.

मी बंदर कार्यालयाच्या आरेखन विभागात लागले. काम नकाशे काढण्याचं. शहरात खोली घेतली, सुट्टीला घरी जायचे. बाबांच्या निवृत्तीच्या वर्षी आमच्याच बांधाचा नकाशा माझ्या टेबलावर आला. मातीचा बांध दगड-सिमेंटचा करायचा, दाराला मोटर बसवायची, खाडीचं तोंड खोल करायचं. काम वाईट नव्हतं. मोठ्या भरतीला बांध दोनदा फुटला होता आणि दगड टाका म्हणून बाबांनीच किती अर्ज केले होते. पण कामाआधी प्राण्यांची पाहणी करायची होती. पाणमांजर राहत असेल तर तिथला दोनशे मीटर काठ मातीचा ठेवायचा आणि पिल्लांच्या महिन्यांत यंत्र लावायचं नाही, असा नियम होता. नियम मला ठाऊक होता, कारण नकाशाच्या समासात तो मीच लिहिला होता, त्याच छान अक्षरात.

पाहणीसाठी बाहेरून एक बाई येणार होत्या. साहेब मला म्हणाले, तुमचंच घर आहे तिथे, तुम्हीच जा बरोबर. मी आदल्या दिवशी घरी गेले. सकाळी उठले. बाबांनी खराटा घेतला, मी बादली घेतली. दगड धुतला. चिखलावरून पोतं फिरवलं. मग चहा झाला. तासाभरात बाई आल्या.

त्या बाई जे शोधायला येत होत्या, ते मी तासभर आधी स्वतःच्या हाताने पुसलं, आणि पुसताना माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. सकाळ होती आणि सकाळचं काम होतं, इतकंच.

बाई चिखलाचे बूट घालून दिवसभर बांधावर फिरल्या. मेहनती होत्या, हुशार होत्या, मला आवडल्या. दाराखालच्या दगडापाशी त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या. दगड ओला आणि स्वच्छ. मग वर येऊन त्यांनी बाबांना विचारलं, इथे पाणमांजरं आहेत का. बाबा चाकाला हात टेकून उभे होते. त्यांनी एकदा खाडीकडे पाहिलं.

"पूर्वी होती म्हणतात. आता कुठली."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथेच वाढलात ना? तुम्हाला काय वाटतं?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची पाठ मला दिसत होती. मी म्हणाले, "बाबा म्हणतात तेच."

फॉर्मवर दोन चौकोन होते, आढळले आणि आढळले नाही. दुसऱ्या चौकोनात खूण झाली आणि स्थानिक माहितगार म्हणून खाली माझी सही. जाताना त्यांनी फोन नंबर लिहून दिला. म्हणाल्या, पंधरा दिवस अहवाल माझ्याकडे आहे, काही आठवलं तर कळवा.

चिठ्ठी मी टेबलाच्या खणात कंपासपेटीखाली ठेवली. पंधरा दिवस ती तिथे होती. परक्या बाईसमोर बापाला खोटं कसं पाडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. एकदा सांगून काय झालं ते आठव, असंही सांगितलं. दोन्ही खरंच होतं. पण एक तिसरं कारण होतं आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना महिनाअखेर नकाशे हवे होते. आढळले म्हटलं असतं तर डाव्या काठाचे आठही कागद मला नव्याने काढावे लागले असते, आणि नकाशा पाठवण्याच्या तोंडावर हे का सांगता, आधी कुठे होता, हे ऐकून घ्यावं लागलं असतं. मला ते नको होतं. मी मूग गिळून बसले. सोळाव्या दिवशी खण उघडला तेव्हा खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं.

काम हिवाळ्यात सुरू झालं. हिवाळ्यात बिळात पिल्लं असतात, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मी नेमक्या त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेतली आणि त्यांना शहरात माझ्या खोलीवर आणलं. डोळ्याला पट्टी बांधून ते पंधरा दिवस माझ्या खिडकीत बसले, आणि शेजारणीला कौतुकाने सांगत राहिले, मुलगी किती करते.

खोदाई यंत्राचा चालक सहीसाठी कार्यालयात आला. भला माणूस. बोलता बोलता म्हणाला, त्या वाकड्या झाडाच्या मुळात तळहाताएवढी दोन पिल्लं निघाली, डोळेही उघडले नव्हते, कुत्र्याची असतील वाटलं, खाली उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि एक जनावर दिवसभर यंत्राभोवती पाण्यात फेऱ्या मारत शिट्टी घालत होतं. त्याने मला विचारलं, "काय असेल हो ते?" मी म्हणाले, काय की. त्याचा चहा तसाच राहिला.

बाबा परतले तेव्हा काठ दगडाचा झाला होता, झाड नव्हतं, आणि दार बटणावर चालत होतं. बटण दाबणारा ठोके देत नाही. बाबांनी विचारलं, मंडळी? मी म्हणाले, आवाजाने आधीच वर निघून गेली असतील. त्यांना ते पटलं. म्हणाले, "शहाणी जात आहे." आणि वर म्हणाले, बरं झालं त्या बाईला काही सांगितलं नाही, नाहीतर बघ्यांची रीघ लागली असती. नियमाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आता सांगून कुणाचं भलं होणार होतं?

आई मधल्या काळात गेली. बाबा बांधामागच्या आमच्या लहानशा घरात एकटेच राहिले. सकाळी बादली-खराटा घेऊन बाहेर पडायची सवय मात्र गेली नाही. जित्याची खोड. काठावरची बगळ्यांची घाण धुतात म्हणून लोक हसायचे, मीही हसायचे.

नऊ वर्षांनी दुसऱ्या टप्प्याचा नकाशा आला. खाडीचं वरचं वळण, मातीच्या काठाचा उरलेला शेवटचा तुकडा. नकाशा पसरला आणि मी त्या वळणावर बोट ठेवलं. मंडळी गेली असतील तर तिथेच गेली असतील. कंपासपेटीखालची चिठ्ठी पिवळी झाली होती, पण नंबर चालू होता. मी बाईंना सगळं सांगितलं. निबंध, दगड, बादली, सही. वरातीमागून घोडं, पण निदान नाचवलं. त्या म्हणाल्या, "आता नुसतं तोंडी कुणी ऐकणार नाही, आणि तुमचं तर नाहीच. ताजी खूण दाखवा. शेजारी माप ठेवून फोटो काढा." काम मंजूर करायची बैठक तीन आठवड्यांनी, सोमवारी होती.

दोन रविवार मी वरच्या वळणावर सकाळपासून फिरले. एकही ठसा नाही, एकही खवला नाही. तिथेही एक चपटा खडक आहे, अगदी आमच्या दगडासारखा. तो दोन्ही वेळा स्वच्छ होता. बाबांना मी सांगितलं, कामासाठी काठाची मोजणी चालू आहे. ते हो म्हणाले.

तिसऱ्या शनिवारी मी सकाळीच घरी पोचले तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि चेहऱ्यावर असं हसू होतं जे आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मला जवळ बोलावून, आजूबाजूला कुणी नसताना, हळू आवाजात म्हणाले, "मंडळी आलीत. वरच्या वळणाला. महिना झाला."

मी विचारलं, महिना झाला तर मला दिसली कशी नाहीत.

"दिसतील कशी?" ते खुशीत म्हणाले. "मी रोज धुतो की. तुमचे मोजणीवाले फिरतायत ना. कुणाला पत्ता लागायचा नाही."

अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज पहाटे अर्धा तास चालत जाऊन ते खडक घासत होते. मी घरी असले की मी उठायच्या आत परत येऊन चहा टाकत होते. आणि मी त्यांना खरं कारण सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं तर मागचंही सांगावं लागलं असतं.

मी तशीच उठले आणि वळणाकडे निघाले. फोन खिशात होता, पिशवीत आरेखनाची जुनी पट्टी होती. खडक ओला होता. पहाटेच धुतलेला. मी त्याच्यावर बसले आणि मला रडू आलं. मागून बाबा आले, बादली-खराटा घेऊन, धापा टाकत. मी रडतेय हे त्यांना दिसलं नाही, की त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "बरं झालं आलीस. खालच्या फटीत थोडं राहिलंय. माझा गुडघा वाकत नाही, तेवढं काढ."

मी वाकून पाहिलं. खडकाच्या फटीत मूठभर उरलं होतं. माशांचे खवले उन्हात चमकत होते आणि नांगीचा एक लाल तुकडा होता. वास मी कुठेही ओळखला असता. बाबांनी खराटा माझ्यापुढे धरला.

खराटा घेऊन बरं म्हणणं किती सोपं होतं. मी फोन काढला.

"हे काय?" बाबा म्हणाले.

मग मी सांगितलं. खडकावर बसून, त्यांच्याकडे न बघता, सगळं. दोनशे मीटरचा नियम. फॉर्मवरचे दोन चौकोन. पंधरा दिवसांची चिठ्ठी. साहेब आणि आठ कागद. मोतीबिंदूची तारीखसुद्धा. पिल्लांचं सोडून सगळं सांगितलं. पाणी उतरत होतं आणि चिखलात खेकडे बाहेर येत होते.

माझं सांगून झाल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी हो म्हटलं असतं, तर काठ राहिला असता?"

"मी म्हटलं असतं तरी राहिला असता."

"त्या बाईने आधी मला विचारलं होतं," बाबा म्हणाले.

ते खाली बसले. गुडघा धरून, सावकाश, मी पुढे केलेला हात न घेता. मी पिशवीतून पट्टी काढून फटीशेजारी ठेवली, पण ती ओल्या खडकावरून घरंगळून पाण्यात गेली. बाबांनी ते पाहिलं. मग त्यांनी आपला उजवा हात फटीच्या शेजारी खडकावर पसरून ठेवला. चाक फिरवून फिरवून रुंद झालेला तो हात.

"वीत माझी नऊ इंच भरते," ते म्हणाले. "काढ."

पहिला फोटो हलला. दुसरा नीट आला.

बाईंनी तो फोटो फाइलला लावून सोमवारच्या बैठकीत ठेवला आणि चार दिवसांनी स्वतः येऊन ठसेही घेतले, कारण त्या चार दिवसांत कुणी काही धुतलं नाही. वरच्या वळणाचा काठ मातीचा राहिला. तो नकाशा मीच काढला. तीनशे मीटर कोरे सोडले, नियमापेक्षा शंभर जास्त, आणि साहेब बोलले ते ऐकून घेतलं. नऊ वर्षांपूर्वीही ते इतकंच बोलले असते.

लोक म्हणतात, बाईमाणूस असून चांगलं काम केलंस. बाबा त्या शनिवारपासून खाडीकडे गेलेले नाहीत. बादली मोरीत उलटी पडली आहे, खराटा अंगण झाडायला लागला. सकाळी लवकर उठतात, भरतीची वेळ बघतात आणि ओट्यावर बसतात. मी म्हटलं, चला, मंडळी आता उजेडातही दिसतात. म्हणाले, तू बघून ये.

गेल्या रविवारी मी भाजी निवडत होते. बाबा ओट्यावरून आत आले, माझ्यासमोर बसले आणि माझ्या हातातली जुडी घेऊन स्वतः निवडायला लागले. थोड्या वेळाने, मान वर न करता म्हणाले, "हिवाळाच होता ना तो. पिल्लं होती का गं आत?"

मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. चालकाला म्हणालेच होते.

"होती," मी म्हणाले. "दोन."

त्यांनी मान हलवली. हातातली जुडी संपेपर्यंत ते निवडत राहिले, मग दुसरी घेतली.